स्वादुपिंडाचं ऑपरेशन आणि 'तिसऱ्या दिवशी घरी'

सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आता रोबोट स्वतः करतो. चार भोकं, तिसऱ्या दिवशी घरी, केमोची गरज नाही. पोट फाडणाऱ्या डॉक्टरांच्या नादी लागू नका.' काल तो मावशीने पाठवला. तिच्या जावेच्या घरी खरोखरच असा पेशंट आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

रोबोट स्वतः काहीही करत नाही. सर्जन कन्सोलवर बसून हात हलवतो तशी अवजारं हलतात. टेबलापाशी दुसरा डॉक्टर उभाच असतो आणि रक्त आवरेना झालं तर पोट उघडावंच लागतं.

घातक आहे ते 'तिसऱ्या दिवशी घरी'. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात असेल तर व्हिपल नावाचं ऑपरेशन करतात. डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा तुकडा काढून तीन जोड घालतात: आतड्याला स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर. पहिला जोड सगळ्यात अवघड. स्वादुपिंडाची नळी कधी 3 मिलिमीटरहूनही बारीक असते आणि ग्रंथी मऊ असली तर टाका आवळताना लोण्यासारखी चिरते. तिथून पाझरलेला रस आपल्याच पोटातलं मांस-चरबी पचवायला लागतो. म्हणून जोडापाशी ड्रेन, म्हणजे आतलं पाणी बाहेर आणणारी नळी, ठेवतात. त्यातल्या पाण्याचं अमायलेज (स्वादुपिंडाच्या रसातलं पाचक द्रव्य) तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर रक्तातल्या नॉर्मल मर्यादेच्या तिपटीहून जास्त आलं, तर जोड पाझरतोय असं धरतात. मेसेजवाला ज्या दिवशी घरी पाठवतोय, त्या दिवशी ही तपासणी असते!

पाझर चालू राहिला तर तो रस शेजारच्या, ऑपरेशनात बांधलेल्या धमनीचं टोक कुरतडतो. तिथून रक्त आठवड्या-दोन आठवड्यांनीही सुटतं. आधी ड्रेनमध्ये थोडं ताजं लाल रक्त दिसतं आणि थांबतं. थांबलं म्हणून घरी बसायचं नाही. लगेच सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन), आणि गरज पडली तर कॉइल, म्हणजे बारीक तारेचं वेटोळं, टाकून ती धमनी बंद करावी लागते. ऑपरेशन पुण्यात झालं आणि पेशंट सोलापुरात, तर ती टीम अडीचशे किलोमीटर लांब.

भोकं लहान म्हणून धोका लहान, हेही खोटं. नेदरलँड्सच्या लिओपार्ड-2 चाचणीत (निष्कर्ष 2019) प्रशिक्षित सर्जननी दुर्बिणीतून आणि पोट उघडून केलेल्या व्हिपलची तुलना केली. गुंतागुंतीमुळे 90 दिवसांत दुर्बिणीच्या 50 पैकी 5 पेशंट गेले, उघड्या ऑपरेशनच्या 49 पैकी 1. चाचणी मध्येच थांबवावी लागली. ती रोबोटची नव्हती, मान्य. रोबोटचं अवजार मनगटासारखं वळतं, शिवायला सोपं जातं. पण आतले जोड तेच आणि तेवढेच राहतात.

गाठ शेपटीकडे असेल तर मात्र मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. तिथे जोड घालायचा नसतो, आणि आधीच्या लिओपार्ड चाचणीत छोट्या छिद्रांतून ऑपरेशन झालेले पेशंट साधारण 4 दिवसांत सावरले, उघड्यातले 6 दिवसांत. स्वादुपिंडाच्या कापलेल्या टोकातून पाझर मात्र तिथेही होतो.

केमोचं तर विचारूच नका. यकृतात आधीच पोचलेली कॅन्सरची पेशी कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही, केमो असते ती तिच्यासाठी.

मावशीच्या जावेने सर्जनना एवढं विचारावं: गाठ डोक्यात की शेपटीत? इथे वर्षाला किती व्हिपल होतात? रात्री दोन वाजता कॉइल टाकणारा मिळेल का? ड्रेन कधी आणि कुठला रिपोर्ट बघून काढणार?