पुरवणी मागणी आणि ‘बचत’ एकत्र वाचा

विधिमंडळाने अनुदानाच्या मागण्या (खात्यांनी वर्षाच्या खर्चासाठी मागितलेल्या रकमा) मंजूर केल्या की खात्यांच्या खर्चावर अंकुश आला, असं अनेकदा गृहीत धरलं जातं. मंजुरी ही फक्त कमाल मर्यादा. पुढे काय झालं ते विनियोजन लेख्यांत, म्हणजे मंजूर रक्कम आणि झालेला खर्च यांच्या वार्षिक हिशेबात दिसतं. तिथे प्रत्येक मागणीसमोर मूळ तरतूद, पुरवणी (वर्षाच्या मध्येच मागून घेतलेली वाढीव रक्कम), प्रत्यक्ष खर्च आणि बचत किंवा जादा खर्च दिलेला असतो. मूळ तरतूदच पुरती खर्च झालेली नाही आणि तरी वर पुरवणी घेतलीय, असं दिसलं की समजावं, ती पुरवणी मागणी अंदाज न घेताच आणली होती. उलट मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला, तर सरकारी हिशेब तपासणाऱ्या आमदारांच्या लोकलेखा समितीच्या शिफारशीनंतर संविधानाच्या अनुच्छेद २०५ खाली तो विधिमंडळाकडून नियमित करून घ्यावा लागतो. हे वर्षानुवर्षं रखडतं. तोवर जबाबदार अधिकारी निवृत्तही झालेले असतात.

खरी मेख मार्चअखेरीला. न वापरलेला निधी व्यपगत होऊ नये, म्हणजे वर्ष संपताच हातचा जाऊ नये, म्हणून तो कोषागारातून काढून अधिकाऱ्याच्या पदनावे असलेल्या वैयक्तिक ठेव खात्यात टाकतात. कागदावर खर्च पडला, जागेवर कुदळही नाही! आमदारांनी खर्चाची टक्केवारी विचारून थांबू नये. ३१ मार्चची ठेव खात्यांतली शिल्लक आणि थकलेली उपयोगिता प्रमाणपत्रं (निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे दाखले) वर्षनिहाय मागावीत.