दगडापेक्षा प्लेट मऊ

दगड फोडून खडी करण्याचा क्रशर उभारण्याचा आपला निश्चय झाला असेल, तर प्रथम एक विनंती आहे. यंत्रासोबत येणारे माहितीपुस्तक उघडू नये. ते ज्यांनी यंत्र बनवले त्यांनीच लिहिलेले असल्यामुळे त्यात यंत्राची फार बाजू घेतलेली असते. मालकाची घाई, कंत्राटाची मुदत आणि कर्जाचा हप्ता यांचा त्यात कोठेही उल्लेख सापडत नाही.

आपण चुकून एखाद्या अभियंत्याशी बोललातच, तर तो आपल्याला १८५८ सालापर्यंत मागे नेईल. त्या वर्षी एली व्हिटनी ब्लेक या अमेरिकन गृहस्थाने जबड्याच्या क्रशरचे पेटंट घेतले. एक जबडा स्थिर, दुसरा हलता, दोहोंमधले तोंड वर रुंद आणि खाली अरुंद. दगड चावला जातो, जरा खाली सरकतो, पुन्हा चावला जातो आणि तळाच्या फटीत मावेल इतका लहान झाला की सुटतो. कल्पना इतकी सोपी आहे की ती आपल्यालाही सहज सुचली असती, म्हणून हे यंत्र ओळखीच्या वर्कशॉपमध्ये स्वतःच बनवून घेणे उत्तम. दोन जबड्यांमधला कोन जाणकार मंडळी साधारण २० ते २५ अंशांत ठेवतात. आपण तो सढळ हाताने वाढवावा. तेवढ्याच तोंडासाठी जबडे आखूड चालतात, यंत्राची उंची घटते आणि पोलादाचा खर्च वाचतो. कोन फार मोठा झाला की दगड चावला न जाता ओल्या साबणाच्या वडीसारखा वर उसळतो खरा, पण त्यामुळे वर उभे राहणाऱ्यांना सावध राहण्याची सवय लागते.

पायाबद्दल थोडक्यात सांगतो. काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजण्याची रीत आहे. यंत्र दारात येऊन उभे असताना महिनाभर काँक्रीटकडे पाहत बसण्यापेक्षा आधी कळस चढवावा. पायाला भेगा पडतील तेव्हा त्याच्याकडे लक्ष देता येईल.

आता मुख्य विषयाकडे येतो. हलत्या जबड्याच्या खालच्या टोकाला मागून टेकू देणारी एक पट्टी असते, तिला टॉगल प्लेट म्हणतात. यंत्राचे बाकीचे सर्व भाग ज्यांनी दणकट केले, त्याच माणसांनी ही एक प्लेट हिशेब करून, जाणूनबुजून कमजोर ठेवलेली असते. जबड्यात न फुटणारे काही सापडले, तर सर्वांत आधी ही तुटावी, हलता जबडा सैल पडावा आणि तिच्यापेक्षा कितीतरी महाग असलेले एक्सेंट्रिक शाफ्ट (जबडा हलवणारा दांडा), बेअरिंग आणि यंत्राचा सांगाडा वाचावा, अशी ही योजना आहे. विजेच्या फलकातला फ्यूज जे करतो तेच ही प्लेट करते, आणि फ्यूज उडाला की त्याच्या जागी जाड तार गुंडाळणाऱ्यांपैकी आपण असाल, तर पुढे काय करायचे ते मी वेगळे सांगण्याची गरज नाही.

तरीही सांगतो. पहिल्यांदा प्लेट तुटली की ती बनवणाऱ्याच्या नावाने बोटे मोडावीत, तिचे दोन्ही तुकडे वेल्डिंगने जोडावेत आणि वरून आणखी दोन पट्ट्या मारून घ्याव्यात. पुन्हा तुटली, तर दुप्पट जाडीची नवी बसवावी. ती का तुटली हे मात्र विचारू नये, कारण उत्तर बहुधा खोदाईयंत्राच्या बकेटचा निखळलेला दात असे निघते, आणि मग तो दात कोणाच्या लक्षात आला होता, तो हॉपरपर्यंत, म्हणजे दगड ओतायच्या मोठ्या डब्यापर्यंत, पोचलाच कसा, इथपर्यंत चौकशी जाते. दुप्पट जाडीची प्लेट पुन्हा तुटत नाही, ही खात्री मी देतो. काही महिन्यांनी सांगाड्याला तडा जातो किंवा शाफ्ट वाकतो, पण तोवर प्लेटची आठवण कोणालाच राहिलेली नसते आणि हल्ली पोलाद पूर्वीसारखे येत नाही, असे म्हणायला आपण मोकळे असतो. (खासगीत सांगायचे तर, अख्ख्या यंत्रात आपले काम नेमके ठाऊक असलेला तो एकच भाग आहे, म्हणूनच बहुधा आपल्याला तो सहन होत नाही.)

जबड्यांवर जे दातेरी पत्रे बसवतात ते मँगेनीज पोलादाचे असतात. रॉबर्ट हॅडफिल्ड या इंग्रज धातुशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये शोधलेल्या या पोलादाची गंमत अशी, की जितका मार बसेल तितका त्याचा पृष्ठभाग अधिक कठीण होत जातो, पण वेल्डिंगच्या वेळी फार तापवले तर तेच पोलाद ठिसूळ बनते. तेव्हा झिजलेल्या जागी वेल्डिंगचे थर चढवताना मध्ये थांबून गार होऊ देण्याच्या भानगडीत पडू नये. हेच पोलाद चुंबकालाही चिकटत नाही. खडी वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर चुंबक टांगलेला असला, तरी निखळून पडलेला मँगेनीजचा तुकडा त्याच्याखालून निर्धास्त निघून पुढच्या कोन (शंकूच्या आकाराच्या) क्रशरमध्ये जातो, आणि तो पकडण्यासाठी वेगळा धातुशोधक लावावा लागतो. धातुशोधक पट्टा थांबवतो. पट्टा थांबवणारी कोणतीही वस्तू आपल्या व्यवसायाची शत्रू आहे, हे लक्षात ठेवून त्याची तार काढून ठेवावी.

यंत्रणा सुरू करताना शेवटचा पट्टा आधी, मग चाळण, मग क्रशर आणि सर्वांत शेवटी दगड सोडणारा फीडर, असा उलटा क्रम लावतात. बंद करताना फीडर पहिला. आपण सर्व बटणे एकदम दाबावीत. थांबलेल्या पट्ट्यावर खडीचा डोंगर साचला, तर फावडी आहेतच.

धुळीचा बाऊ करणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे. जी धूळ डोळ्यांना दिसते ती बरीचशी नाकातच अडते. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते ती मुळी दिसतच नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर पैसे खर्च करणे शहाणपणाचे नव्हे. स्फटिकी सिलिकेच्या धुळीचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केला, आणि सिलिकोसिस झालेले फुप्फुस कोणत्याही औषधाने पूर्ववत होत नाही. पण तो रोग सहसा बऱ्याच वर्षांनी उघड होतो आणि तोवर माणूस दुसरीकडे कामाला लागलेला असतो. तोंडाशी आणि पट्ट्यांच्या सांध्यांवर पाण्याचे बारीक फवारे सोडले तर धूळ बरीच खाली बसते. त्याने चाळणीची भोके बुजतात, असे एकदा ऐकवून विषय संपवावा.

राहता राहिला अडकलेला दगड. तोंडाच्या रुंदीच्या चार पंचमांशांहून मोठा दगड आत सोडू नये, असा संकेत आहे. तो पाळायचा तर आधी डबर निवडावे लागते, म्हणून तो पाळू नये. मग एखादा धोंडा दोन जबड्यांत रुतून बसतो. व्ही-बेल्ट घसरू लागतात, मोटर कण्हते आणि बंद पडते. अशा वेळी मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप घालावे, किल्ली तोंडात उतरणाऱ्याच्याच खिशात असावी आणि दोन्ही फ्लायव्हील, म्हणजे बाजूची जड चाके, जखडून ठेवावीत, कारण बंद यंत्रातही दाबून धरलेला जोर शिल्लक असतो आणि दगड सुटताच चाक फिरू शकते, असे पुस्तकात लिहिलेले आहे, जे आपण उघडलेले नाही. दगडाखाली हात सापडला तर कळ सोसून काढावा, असे वाडवडील सांगत; त्यांचा दगड हलत नव्हता.

आपली प्लेट आता दुप्पट जाडीची आहे. धातुशोधकाची तार निघालेली आहे, फ्लायव्हीलवरची जाळी ग्रीस भरायला अडचण होते म्हणून मागेच काढून ठेवली आहे. यंत्रात मुद्दाम मऊ ठेवलेले असे काहीही उरलेले नाही. हातात पहार घेऊन एक जण कठड्यावर पाय रोवून तोंडात वाकला आहे, दुसरा पॅनेलपाशी उभा राहून त्याच्या खुणेची वाट पाहत आहे, आणि यंत्राच्या रोजच्या आवाजाने त्या दोघांनाही ऐकायला जरा कमीच येते.