मूठ वळली म्हणजे हात बरा झाला?

पॅरालिसिसच्या पेशंटांच्या घरच्यांमध्ये सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. रोज ५०० वेळा स्माइली बॉल दाबा. मूठ दुसऱ्या हाताइतकी घट्ट झाली की हात बरा. एकेका बोटाचा जोर मशीनवर मोजणं हा बिल वाढवायचा धंदा. आणि तीन महिन्यांत आलं ते आलं, पुढे काही होत नाही. मी हाताच्याच थेरपीत काम करते. एका आठवड्यात तिघांनी तो मला पाठवला, एकाने तर "मॅडम, बरोबर आहे ना?" असं विचारून. नाही. पण सगळंच चूक आहे असंही नाही.

मुठीची ताकद मोजावी, यात वाद नाही. डायनामोमीटर दाबला की किलोत आकडा येतो, आणि तो कामाचा असतो. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या 'प्युअर' पाहणीत (२०१५) मुठीची ताकद दर ५ किलोंनी कमी असेल तसा मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला. पण या आकड्याने घरात एकूण पगार किती येतो ते कळतं, कोण किती कमावतं ते कळत नाही. माझ्याकडे एक काका होते. डावी मूठ २९ किलो, आजारी उजवी २४. घरचे खूश. मी ताटलीत पोळी ठेवली आणि म्हटलं, एका हाताने तुकडा मोडा. तर्जनीने पोळी दाबून धरायची, अंगठा आणि मधल्या बोटाने ओढायची. आपण हे बघतसुद्धा नाही. काकांची पाचही बोटं एकदम मिटली आणि पोळीचा बोळा झाला.

ते बोटाबोटाचं मशीन नेमकं हेच पकडतं. प्रत्येक बोटाखाली एक पट्टी, तिच्यात जोर मोजणारा सेन्सर. एकच बोट दाबायला सांगायचं आणि बाकीची गप्प बसतात का ते बघायचं. पूर्ण गप्प ती कोणाचीच बसत नाहीत. घरी करून बघा: स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर करंगळी ठेवा, शेजारी तेवढ्याच उंचीच्या वह्यांवर अनामिका, आणि फक्त अनामिका दाबा. करंगळीला कोणी काही सांगितलेलं नसताना काट्यावर ग्रॅम उमटतात. पॅरालिसिसनंतर ही ओढाताण कितीतरी वाढते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५४ पेशंटांची बोटं वर्षभर अशी मोजली होती. एका पातळीपर्यंत ताकद आणि बोटांचा सुटेपणा हातात हात घालून वाढले. त्यापुढे ताकद वाढली म्हणून सुटेपणाही वाढेलच, असं राहिलं नाही. म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या, तर मोजायच्याही वेगळ्या. हां, प्रत्येकाला मशीन लागतंच असं मी म्हणणार नाही. शर्टाचं बटण, टेबलावरचं एक रुपयाचं नाणं आणि मोबाइलचं स्टॉपवॉच यांवर माझं पुष्कळ काम भागतं. पण त्याला धंदा म्हणू नका.

बॉलचं थोडक्यात सांगते. बॉल दाबून मिटण्याचा सराव होतो. बहुतेकांची अडचण उघडण्याची असते: ग्लास धरता येतो, सोडवत नाही. बोटं उघडणारे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या मागच्या बाजूला असतात. ५०० वेळा बॉल दाबून त्यांच्या वाट्याला फारसं काही येत नाही.

राहिले तीन महिने. सर्वात जास्त सुधारणा त्या काळात होते, हे खरं. वरच्या अभ्यासातही तेच दिसलं. म्हणून तर तेवढा काळ फक्त बॉलवर घालवू नये. पण 'पुढे काही होत नाही' हे साफ चूक. अमेरिकेतल्या 'एक्साइट' चाचणीत (२००६) झटक्याला ३ ते ९ महिने झालेले २२२ पेशंट होते. त्यातल्या एका गटाच्या चांगल्या हाताला दोन आठवडे जाड हातमोजा घालून आजारी हाताकडून कामं करून घेतली. त्यांचा हात नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला आणि वर्षानंतरही तो फरक टिकून होता. त्या चाचणीत शिरायची अट मात्र मूठ किती किलोंची ही नव्हती. मनगट आणि बोटं थोडी तरी मागे उचलता येतात का, ही होती.