अर्ध्या तासात निपल बाहेर? इतकं सोपं नाही ते

‘निपल आत वळलेलं असेल तर बाळाला अंगावर पाजताच येत नाही. बाळंतपणाआधी अर्ध्या तासाचं ऑपरेशन करून घ्या. दुधावर परिणाम शून्य, दुसऱ्या दिवसापासून सगळी कामं. ऑपरेशन नको तर सातव्या महिन्यापासून सिरिंजने रोज ओढा. कोणत्याही वयात चालतं.’ हा मेसेज आता गरोदर भाचीच्या फोनवर पोचलाय, वर सासूबाईंचं ‘करून टाक गं’. म्हणून हे लिहावं लागतंय.

सगळ्यात घातक थाप म्हणजे ‘दुधावर परिणाम शून्य’. निपलच्या बुडाशी असलेले तंतुमय पट्टे आणि आखूड दूधनलिका त्याला आत खेचून धरतात. हान आणि हाँग या सर्जनांच्या 1999 च्या वर्गीकरणात याचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात बोटांनी काढलं की निपल बाहेर येऊन टिकतं, दुसऱ्यात सोडलं की परत आत जातं, तिसऱ्यात हाताने निघणं मुश्किल. पहिल्या दोहोंत नलिका सांभाळून पट्टे मोकळे करता येतात. तिसऱ्यात नलिकाच आड येतात आणि अनेकदा कापाव्या लागतात. मग त्या बाजूने दूध पाजणं कायमचं बंद होऊ शकतं. नलिका वाचवल्या तरी दुधाची हमी कुणी देऊ नये. आणि गरोदरपणात हे ऑपरेशन करतच नाहीत. बाळाचं अंगावर पिणं सुटल्यावर काही महिने जाऊ देतात.

भूल जागेपुरती असते आणि त्याच दिवशी घरी जाता येतं, एवढं खरं, मान्य. पण बुडाशी बटव्याच्या नाडीसारखा गोल टाका घालतात. तो जास्त आवळला तर रक्तपुरवठा तुटून निपल काळं पडतं, सैल राहिला तर परत आत जातं. वरून दोऱ्याने ताणून धरलेला आधार काही दिवस ठेवावा लागतो. तोवर घट्ट ब्रा नको, पालथं झोपणं नको. तंबाखू, मशेरी आधीपासूनच बंद, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. रंग काळपट झाला किंवा पू आला तर त्याच दिवशी सर्जनकडे.

‘पाजताच येत नाही’ हेही खोटं. बाळ नुसतं निपल नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात घेतं.

सिरिंजचा उपाय खरा आहे, दावणगेरेच्या डॉक्टरांनी तो 1993 मध्ये मांडला, पण बाळंतपणानंतरसाठी. 10 मिलीची नवी सिरिंज (मोठ्या निपलला 20) घ्यायची, सुईकडचं टोक कापायचं, दट्ट्या कापलेल्या बाजूने घालायचा, गुळगुळीत बाजू स्तनावर. उलटं केलं तर कापलेली धार लागते. पाजण्याआधी अर्धा ते एक मिनिट हळू ओढायचं, दुखलं की सोडायचं. गरोदरपणी निपल चोळण्या-ओढण्याने ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आकुंचन पावायला लावणारं संप्रेरक, सुटतं; अकाली कळांचा धोका असेल तर हात लावू नका. आधीपासून तयारीचा फायदाही दिसत नाही. ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या 1992 च्या चाचणीत 96 पहिलटकरणी होत्या. ब्राखाली कवच्या (निपल बाहेर यावं म्हणून स्तनावर घालायच्या पोकळ टोप्या) वापरायला सांगितलेल्या 48 जणींपैकी सहा आठवड्यांनी 14 जणी अंगावर पाजत होत्या, न सांगितलेल्या 48 पैकी 24. हॉफमनच्या व्यायामानेही (निपलभोवतीचा भाग बोटांनी बाहेरच्या बाजूला ताणणं) फरक पडला नाही.

‘कोणत्याही वयात’ वाचून तर डोकंच फिरतं. वयात आल्यापासून तसंच असेल तर ठीक. पण एका बाजूचं निपल नव्याने आत ओढलं गेलं, गाठ लागली किंवा रक्ताळ स्राव आला, तर त्यामागे नलिकांची सूज असेल किंवा कर्करोग. आधी डॉक्टरांची तपासणी, मग वयानुसार मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी. त्याआधी टाके घालून निपल बाहेर काढलं तर दिसत असलेलं लक्षण झाकलं जातं आणि निदान लांबतं.