ओली वाळूच वाजते, सोनं नव्हे

गेल्या आठवड्यात भाच्यानं एक फॉरवर्ड पाठवला. तोच त्याआधी शेजारच्या वहिनींकडून आला होता, आणि त्याच्याही आधी गल्लीतल्या गणपती मंडळाच्या ग्रुपवर. मजकूर थोडक्यात असा: गोवा, कारवार, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यांवर पर्यटकांच्या अंगठ्या-चेनी पडून आहेत. दहा हजारांचा कुठलाही मेटल डिटेक्टर घ्या आणि लाटांच्या कडेनं फिरवा. 'फक्त सोनं' असं त्याला सांगून ठेवता येतं. दहा फूट खोलवरचं दाखवतो. सापडेल ते तुमचं. मशीन परवडत नसेल तर मोबाईलवर ॲप आहेच. खाली भाच्याची ओळ: "मामा, चोर्ला घाट उतरलं की गोवा. शनिवारी जाऊया की."

मी बेळगावच्या उद्यमबागेत मोटार रिवायंडिंग करतो. तांब्याच्या तारेची वेटोळी आणि त्यांतून जाणारा करंट, यातच दिवस जातो. मेटल डिटेक्टर म्हणजे तरी दुसरं काय? दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचं असं मशीन माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. नीट झाल्यावर त्याच्याच सांगण्यावरून आंबोली घाटानं उतरून शिरोड्याच्या किनाऱ्यावर ते दिवसभर फिरवलं. म्हणून हे उत्तर.

आधी ॲप, कारण ते दोन मिनिटांत निकालात निघतं. फोनमध्ये होकायंत्रासाठी चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर असतो, ॲप त्याचाच आकडा दाखवतं. आपल्या भागात पृथ्वीचं क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला. लोखंड जवळ आलं की आकडा उसळतो. मी फोन ओट्यावर ठेवला, बिडाचा तवा सरकवत आणला, आकडा दुपटीच्या वर गेला. मग बायकोची पाटली थेट फोनवर ठेवली. आकडा ढिम्म. सोनं चुंबकाला दाद देत नाही, चांदी-तांबंही नाही. बायकोचा प्रश्न वेगळाच: "म्हणजे पाटली खोटी काय?" तिला समजवायला ॲपपेक्षा जास्त वेळ गेला.

आता मुख्य गोष्ट. "कुठलंही मशीन लाटांच्या कडेनं फिरवा."

शिरोडा म्हणजे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं गाव, आणि माझं घोडंही मिठापाशीच अडलं. वर सुरूच्या झाडांजवळ, कोरड्या वाळूत मशीन अगदी शहाण्यासारखं वागत होतं. दोन रुपयांचं नाणं, एक चावी आणि बिअरच्या बाटल्यांची बुचं. बुचं किती, ते विचारू नका. मग पाण्याकडे निघालो. वाळूचा रंग जिथे गडद होतो तिथे मशीनच्या खालच्या टोकाची कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, पोचली आणि हेडफोनमध्ये कुरकुर सुरू झाली. लाट कॉइलखालून सरकली की आरडाओरडा. कॉइल हातभर वर उचलली की गप्प, खाली नेली की परत सुरू. खाली धातूचा कणही नव्हता.

मग माझी साडेतीन ग्रॅमची अंगठी दोऱ्याला बांधून चार बोटं खोल पुरली. कोरड्या वाळूत ती टणकन वाजली. ओल्या वाळूत त्या गोंगाटात तिचा आवाज कुठला आणि समुद्राचा कुठला, ते कळेना. सेन्सिटिव्हिटी कमी करत गेलो. शेवटी गोंगाट थांबला. अंगठीही थांबली.

कारण सरळ आहे. कॉइल बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे खालच्या धातूत विजेचे छोटे भोवरी प्रवाह फिरतात, आणि त्यांचा प्रतिसाद दुसरी कॉइल पकडते. खाऱ्या पाण्यातही असे प्रवाह फिरतात, कारण लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ विरघळलेलं असतं. सोनं समुद्राच्या पाण्यापेक्षा जवळजवळ कोटीपट चांगलं वाहक आहे, हे खरं. पण अंगठी साडेतीन ग्रॅमची, आणि कॉइलखाली भिजलेली वाळू किलोंच्या हिशेबात. मलप्रभा नदीच्या काठावर हा त्रास होणार नाही. गोड्या पाण्यात वीज वाहायची ताकद समुद्राच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. फॉरवर्डमधला व्हिडिओ नीट बघा: माणसाच्या पायाखालची वाळू कोरडी, पांढरी आहे.

भाचा म्हणाला, "सोन्याचं स्पेशल मशीन घेऊया मग." हे तर आगीतून फुफाट्यात. डोंगरातले सोन्याचे बारीक कण शोधायची मशीनं उंच फ्रिक्वेन्सीवर चालतात, म्हणजे त्यांचं क्षेत्र सेकंदाला जास्त वेळा बदलतं. फिशर कंपनीचं गोल्ड बग २ हे ७१ किलोहर्ट्झवर. फ्रिक्वेन्सी जितकी उंच तितकं मीठ जास्त बोलतं. म्हणजे सोन्यासाठी नावाजलेलं मशीनच पाण्याच्या कडेला सगळ्यात जास्त बिथरतं.

"फक्त सोनं वाजेल" हा दावा मीठ बाजूला ठेवलं तरी टिकत नाही. मशीनला धातूचं नाव कळत नाही. आकार, जाडी आणि वाहकता यांची गोळाबेरीज करून ते एक आकडा देतं. पातळ अंगठी, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद आणि कॅनची चावी एकाच आकड्यावर येऊ शकतात. तो कागद वगळायला गेलात तर अंगठीही गेली. चेनीचं तर आणखी कठीण, मशीन तिला अखंड वस्तू म्हणून नाही तर कडी-कडी सुटी बघतं. आणि अशा बारीक सोन्याचा प्रतिसाद नेमका मिठाच्या प्रतिसादाला चिकटून असतो, म्हणून मीठ गप्प करताना पहिला बळी चेनीचाच. त्यात सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या वाळूत इल्मेनाइट या लोखंडी खनिजाचे काळे पट्टे. एका फ्रिक्वेन्सीचं मशीन मीठ तरी सांभाळेल किंवा काळी वाळू तरी, दोन्ही नाही.

यावर उपाय नाहीत असं नाही. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरून मीठ वजा करणारी मशीनं आहेत, २०१८ साली आलेलं मायनलॅब कंपनीचं इक्विनॉक्स त्यातलंच. दुसरी पल्स इंडक्शनची: झटका देऊन काही मायक्रोसेकंद थांबतात, तेवढ्यात मिठाचा प्रतिसाद विरून जातो आणि मगच ती ऐकायला बसतात. पण पल्सला लोखंड-सोनं भेद फारसा कळत नाही, प्रत्येक बूच उकरावं लागतं. किनाऱ्यावर ज्यांना खरंच अंगठ्या सापडतात त्यांच्या हातात यातलं काहीतरी असतं, आणि ते दहा हजारांत येत नाही.

दहा फूट? नाण्याएवढी वस्तू वीतभर, फार तर दीड वीत. कॉइलच्या मापापलीकडे गेलं की अंतर दुप्पट झाल्यावर परत येणारा सिग्नल सुमारे चौसष्टपट घसरतो. मशीनवर लिहिलेले दहा फूट असलेच तर पिंपाएवढ्या लोखंडासाठी. लांबूनच दिशा दाखवणाऱ्या अँटेनाच्या काड्यांबद्दल तर बोलायलाच नको. तसल्याच काडीला बॉम्बशोधक म्हणून विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला ब्रिटनमध्ये २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. त्या एडीई ६५१ नावाच्या काडीच्या पोटात काम करणारं काहीच नव्हतं.

"सापडेल ते तुमचं" हे सगळ्यात धोक्याचं वाक्य. कालच्या पर्यटकाची अंगठी त्या पर्यटकाचीच. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे सापडलेली वस्तू ताब्यात घेणारा तिचा राखणदार ठरतो, मालक नव्हे. जमिनीत दडवलेलं जुनं धन असेल तर १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा लागतो: दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, लपवलं तर वर्षापर्यंत कैद. दहा रुपये! कायदा जुना आहे, पण आहे. हे लिहायचं कारण, ग्रुपवर लगेच कुणीतरी विचारलं, "समुद्र राहू दे, हलशीत फिरवलं तर?" गोव्याच्या कदंबांची ती एके काळची राजधानी, आणि त्यांची सोन्याची नाणी प्रसिद्ध, म्हणून ही अक्कल. तिथल्या देवळांच्या आवारात कॉइल घेऊन उकरायला गेलात तर सोन्याआधी पोलीस भेटतील.

एक गोष्ट मात्र फॉरवर्डमध्ये नाहीच. बऱ्याच स्वस्त मशीनची फक्त कॉइल पाण्यात चालते, वरचा डबा नाही. गिऱ्हाइकाचं मशीन माझ्याकडे आलं ते त्याचमुळे. गुडघाभर पाण्यात लाटेनं डबा भिजवला, त्यानं तो पुसून कपाटात ठेवला. महिन्यानं मी उघडला तेव्हा बॅटरीच्या पट्ट्या गळून पडल्या आणि आतल्या सर्किटच्या प्लेटवरचं तांबं हिरवं झालेलं. प्लेट नवी घालावी लागली. जुनी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, शनिवारी भाच्याला ती बघायला दुकानात बोलावलंय.