सरहद्दीची कादंबरी आणि भांडणाचे कागद : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीचा इतिहास ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला भरपूर खाद्य देतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही सडेतोड लिहिलंत, बरं वाटलं. इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमचे आक्षेप थोडक्यात देतो. एक : 'वाइल्ड वेस्ट' हा जमिनी बळकावणाऱ्यांनी स्वतःच रचलेला पोवाडा आहे, त्यातून प्रेरणा घेणं म्हणजे रक्ताचे डाग धुऊन देणं. दोन : कागदपत्रंही जेत्यांचीच, त्यामुळे दुसरी बाजू लिहायची तर ती मनानंच रचावी लागणार. तीन : असं रचलेलं वाचक इतिहास म्हणून गिळतो.

पोवाड्याबद्दल आपलं भांडणच नाही. सरहद्दीनंच अमेरिकन माणूस घडवला, असा निबंध फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकारानं १८९३ साली शिकागोत वाचला, तेव्हा वुंडेड नी इथे लाकोटा या मूळनिवासी जमातीच्या बायकापोरांची कत्तल होऊन तीन वर्षंही झाली नव्हती. उरलेलं काम सिनेमांनी केलं. पण मी पोवाडे वाचा असं म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, भांडणाचे कागद वाचा : जबान्या, चौकश्या, अर्ज, हरकती. सरहद्दीवर कुणाचाच अंमल पक्का नसतो, म्हणून ऊठसूट तंटे होतात, आणि तंटा चौकशीपर्यंत गेला की ज्याला एरवी कुणी विचारलं नसतं त्यालाही बोलावं लागतं.

म्हणूनच तुमचा दुसरा आक्षेप मला मान्य नाही. बेंट कुटुंबाचंच बघा. विल्यम बेंट हा गोरा व्यापारी. १८३३ च्या सुमाराला आर्कान्सा नदीकाठी त्याच्या कंपनीनं मातीच्या विटांचा व्यापारी किल्ला बांधला. बायको आऊल वुमन, शायेन या मूळनिवासी जमातीच्या पवित्र बाणांची राखण करणाऱ्याची मुलगी. मुलं दोन्हीकडची. २९ नोव्हेंबर १८६४ च्या पहाटे कोलोरॅडोत सँड क्रीकच्या काठी कर्नल चिव्हिंग्टनच्या सुमारे पावणेसातशे सैनिकांनी शायेन आणि अरापाहो या दोन जमातींच्या तळावर हल्ला चढवला. दोनशेहून जास्त माणसं मारली गेली, त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. तळावर विल्यमची मुलं होती. जॉर्जला कमरेजवळ गोळी लागली, तरी तो जगला. आणि फोर्ट लायन या लष्करी ठाण्याहून निघालेल्या फौजेला रात्रभर वाट दाखवत कोण आलं होतं? जॉर्जचा सख्खा भाऊ रॉबर्ट. जबरदस्तीनं आणलेला वाटाड्या.

असा प्रसंग मी कल्पनेनं रचला असता तर तुम्हीच म्हणाला असतात, जरा अतीच झालं. पण तो रचलेला नाही. रॉबर्टनं पुढे चौकशीत साक्ष दिली. अमेरिकेचा झेंडा फडकताना आपण पाहिला आणि शायेनांचा प्रमुख ब्लॅक केटल आपल्या लोकांना झेंड्याभोवती थांबायला सांगत होता, हे त्यानं शपथेवर सांगितलं. जॉर्जनं म्हातारपणी पत्रांमागून पत्रं लिहून शायेनांच्या बाजूची हकीकत नोंदवून ठेवली. हे जेत्यांचे कागद म्हणायचे की हरलेल्यांचे? मला तरी दोन्ही रकान्यांत बसवता येत नाहीत, आणि कादंबरीकाराला ते बसवायची गरजही नाही.

फौजेतलीही सगळी माणसं एका माळेचे मणी नव्हती. कॅप्टन सायलस सूलनं आपल्या तुकडीला गोळीबार करू दिला नाही. आपल्या जुन्या वरिष्ठाला पत्र लिहून त्यानं डोळ्यांदेखत घडलेलं सगळं कळवलं, १८६५ च्या फेब्रुवारीत साक्ष दिली, १ एप्रिलला लग्न केलं आणि २३ एप्रिलला डेन्वरच्या रस्त्यावर गोळी खाऊन मेला. तीनच दिवसांनी चिव्हिंग्टननं आपला जबाब लिहून दिला : पाचसहाशे इंडियन मारले, पण मेलेलं मूल मला एकही दिसलं नाही. (इतका आकडा आणि एकही मूल नाही! खलनायक रंगवायला लेखकानं काही घालावं, अशी जागाच या माणसानं ठेवलेली नाही.) त्याच्यावर खटला कधीच चालला नाही.

आता यात कल्पनेला जागा कुठे? रॉबर्टच्या त्या रात्रीत. साक्षीत त्यानं काय पाहिलं ते आलं. घोड्यावर बसून, हिवाळ्याच्या अंधारात, तळ जवळ येत असताना त्याच्या पोटात काय कालवत होतं, ते विचारायला चौकशी समिती बसली नव्हती. तिथे मी शिरेन. तारीख, दिशा, झेंडा यांना हात लावणार नाही. ब्लॅक केटलच्या मनात मात्र मी शिरणार नाही. त्याला बाहेरून दाखवेन, रॉबर्टच्या किंवा जॉर्जच्या नजरेतून. त्याच्या तोंडी प्रथमपुरुषी मनोगत घालणं मला दांडगाई वाटते. हा माझा निर्बंध आहे, सगळ्यांनी पाळावा असा आग्रह नाही.

चिनी कामगारांबद्दल तुम्ही म्हणालात की त्यांचा आवाजच उरलेला नाही. १८८५ च्या सप्टेंबरमध्ये वायोमिंगच्या रॉक स्प्रिंग्जला गोऱ्या खाणकामगारांनी २८ चिनी मारले, घरं जाळली, आणि खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या ग्रँड ज्युरीनं एकावरही आरोप ठेवला नाही. पण वाचलेल्या चिनी कामगारांनी न्यूयॉर्कमधल्या आपल्या वकिलातीला लेखी निवेदन दिलं होतं. जमाव कुठल्या वाटेनं आला, कोण कुठे पळालं, सगळं त्यात आहे. आवाज उरला आहे. वाचायचे कष्ट घ्यावे लागतात, इतकंच.

शिवाय प्रत्येक कागदात प्रेतं असायलाच हवीत असं नाही. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर जमीन मिळायची. पाच वर्षं राहून, कसून दाखवायची आणि मग दोन साक्षीदार आणून सिद्ध करायची. (ती जमीन सरकारकडे आली कशी, हा तुमचा प्रश्न रास्तच, आणि कादंबरीत तो एखाद्या पात्राला पडलाच पाहिजे.) शेवटच्या अर्जात घराची लांबीरुंदी, दारंखिडक्या, नांगरलेली जमीन, सगळं भरून द्यावं लागे, आणि मध्ये कधी घर सोडून गेला होतात का, कशासाठी, हेही. एकटी बाई, विधवा, यांनाही अर्ज करता येई; नवऱ्याच्या घरी नांदणारीला सहसा नाही. म्हणजे लग्न आधी की जमीन आधी, हा हिशेब एखाद्या तरुणीला खरोखरच करावा लागत असणार. झाडं नसलेल्या मुलखात गवताळ जमिनीचे मुळांसकट कापलेले थर विटांसारखे रचून घर उभं करायचं. पाऊस आला की छत गळायचं, आणि माती ताटात पडू नये म्हणून वर कापड ताणायचं. एक खिडकी, एक दार, इतके एकर नांगरले, अमुक महिने गैरहजर : मला तर अशा अर्जातच अख्खं प्रकरण दिसतं. पिस्तुलाची गरज नाही.

पिस्तुलं हवीच असतील, तर ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावातली बंदुकांची चकमक २६ ऑक्टोबर १८८१ ला जेमतेम अर्धा मिनिट चालली. त्यावरची सुनावणी महिनाभर. मेलेल्यांनी हात वर केले होते की नाही, यावर साक्षीदारांचं एकमत झालं नाही. मी लिहिलं तर तो महिना लिहीन.

तिसऱ्या आक्षेपाला छोटं उत्तर. वाचक गिळतो हे खरं, म्हणून पुस्तकाच्या शेवटी कोण खरं, कोण रचलेलं, काय पुढेमागे केलं, हे लेखकानं उघड सांगावं. मी सांगेन. पण खरं कुटुंब घेऊन त्याची नावं तेवढी बदलायची आणि हात झटकायचे, हा तुम्ही सुचवलेला तोडगा मला फसवा वाटतो. त्यानं वाचकाची पडताळून बघायची वाटच बंद होते.

तुम्हाला एकच विनंती. रॉबर्ट बेंटची साक्ष आणि चिव्हिंग्टनचा जबाब शेजारीशेजारी ठेवून एकदा वाचा. मग पुन्हा भांडू.