सिलिकोन आणि केसांचा ‘कोंडलेला श्वास’: एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

शाम्पूविषयीचा एक मजकूर गेली काही वर्षे निरनिराळ्या रूपांत हातोहात फिरत आहे. त्याचा आशय असा: शाम्पूतील ‘सिलिकॉन’ हे द्रवरूप प्लास्टिक असते, ते केसावर आवरण चढवून त्याचा श्वास कोंडते, त्या आवरणामुळे पाणी आणि पोषण आत शिरत नाही व केस आतून कोरडे पडतात, सल्फेट असलेल्या कडक शाम्पूखेरीज ते निघत नाही, म्हणून थरावर थर साचतात, त्यातून केस गळू लागतात, युरोपने तर त्यावर बंदीच घातली आहे, आणि एवढे सांगूनही पटत नसेल, तर महिनाभर सिलिकॉन सोडून पाहावे, म्हणजे केसांची खरी अवस्था दिसेल. यांतली काही विधाने साफ चुकीची आहेत, काही अर्धी खरी आहेत, आणि शेवटचे तर बरेचसे बरोबर आहे, फक्त त्याचा अर्थ उलटा लावला जातो. म्हणून सगळा मजकूर एका फटक्यात उडवून लावण्यापेक्षा एकेक मुद्दा तपासणे बरे.

आधी नावाचा घोळ निस्तरू. मराठीत ‘सिलिकॉन’ हा एकच शब्द दोन वेगळ्या वस्तूंसाठी सर्रास लिहिला जातो. वाळूत ऑक्सिजनशी जखडलेले आणि संगणकाच्या चिपमध्ये शुद्ध रूपात वापरले जाणारे मूलद्रव्य म्हणजे सिलिकॉन. शाम्पूत असते ते सिलिकोन, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणू आळीपाळीने ओवलेली लांब साखळी, जिच्यातील प्रत्येक सिलिकॉन अणूला मिथिलसारखे कार्बनी गट लागलेले असतात. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कीटोन या कार्बनी संयुगांच्या सूत्राशी दिसणाऱ्या साम्यावरून हे नाव दिले. रचना कीटोनसारखी नाही, पण नाव चिकटले ते चिकटलेच. शाम्पूत सर्वाधिक आढळणारे सिलिकोन म्हणजे डायमेथिकोन. ते मानवनिर्मित पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचा रेणू, आहे हे खरे, परंतु ज्याला आपण एरवी प्लास्टिक म्हणतो त्याचा कणा कार्बनचा असतो आणि याचा तसा नसतो. शिवाय शाम्पूतील डायमेथिकोन हे तेलासारखे द्रव असते, ते केसावर वाळून कडक होत नाही. ‘प्लास्टिक’ हा शब्द येथे वर्णनासाठी योजलेला नसून भीती घालण्यासाठी योजलेला आहे, असे मला वाटते. तान्ह्या मुलांच्या पोटातील वायूवर दिले जाणारे सिमेथिकोन हे याच डायमेथिकोनमध्ये सिलिका मिसळून केलेले असते, आणि ते आतड्यातून रक्तात न शोषले जाता जसेच्या तसे बाहेर पडते, एवढे सांगून हा मुद्दा सोडतो.

श्वास कोंडण्याचा मुद्दा तर सर्वांत सहज निकालात निघतो, कारण केस श्वास घेत नाही. त्वचेच्या वर दिसणारा केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा मृत तंतू असतो. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही, जिवंत पेशी नाही. जिवंत असतो तो त्वचेखाली काही मिलिमीटर खोल असलेला केसाचा कंद, आणि त्याला लागणारा ऑक्सिजन व पोषण रक्तातून मिळते, बाहेरच्या हवेतून किंवा बाटलीतून नव्हे. घटकाभर केस श्वास घेतो असे धरून चालले, तरी त्याला कोंडण्यासाठी सिलिकोन हे फारच गैरसोयीचे हत्यार ठरेल, कारण सिलिकोनमधून ऑक्सिजन विलक्षण सहजतेने आरपार जातो. डोळ्याच्या बुबुळाला हवा मिळावी म्हणून कॉन्टॅक्ट लेन्समध्ये सिलिकोन घातले जाते ते याच गुणामुळे. डोक्यावर श्वास कोंडला जाण्याजोगे काही असेल तर ती ऊ. डायमेथिकोनचे दाट लोशन उवांवर औषध म्हणून वापरतात, कारण ते त्यांच्या अंगावरची सूक्ष्म छिद्रे बुजवते. त्या कामासाठीही ते भरपूर चोपडून कित्येक तास ठेवावे लागते. शाम्पूतून धुतल्यानंतर मागे उरणाऱ्या अंशाने ते साधत नाही.

पाणी आत जात नाही, हा आक्षेप अधिक गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तो ऐकायला तर्कशुद्ध वाटतो आणि त्यामागे ‘पाणी म्हणजे ओलावा, ओलावा म्हणजे निरोगी केस’ अशी एक भाबडी साखळी दडलेली आहे. केसाचा बाहेरचा भाग कौलांसारख्या एकावर एक रचलेल्या पारदर्शक खवल्यांचा असतो. निरोगी, नव्याने उगवलेल्या केसात या खवल्यांच्या पृष्ठभागावर एका विशिष्ट मेदाम्लाचा, १८-एमईएचा, अतिशय पातळ थर रासायनिक बंधाने जोडलेला असतो आणि त्यामुळे पाणी केसावर पसरत नाही, ओघळून जाते. म्हणजे पाण्याला दूर ठेवणे ही केसाची मूळचीच व्यवस्था आहे. ब्लीच, अल्कधर्मी रंग, केस सरळ करण्याची रसायने, ऊन आणि रोजची घासाघीस यांनी तो थर झिजतो व एकदा गेला की पुन्हा उगवत नाही. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो हे लक्षात घेतले, तर ३० सेंटिमीटर लांब केसाचे टोक अडीच वर्षांचे जुने असते आणि त्याने शेकडो धुण्या सोसलेल्या असतात. असा थर गमावलेला केस पाणी अधिक वेगाने पितो. भिजलेल्या केसाचा व्यास सुमारे १५ टक्क्यांपर्यंत फुगतो, खवले उचलले जातात, घर्षण वाढते, आणि नेमक्या त्या नाजूक अवस्थेत आपण त्यातून कंगवा ओढतो. फुगणे आणि आक्रसणे हे चक्र वारंवार घडले की केस कमकुवत होतो. तेव्हा पाण्याचा शिरकाव थोडा मंदावणे हा दोष नसून, केसाने गमावलेल्या गोष्टीची ती तात्पुरती भरपाई आहे.

शिवाय शाम्पूतून बसलेले सिलिकोन म्हणजे केसावर ओढलेली सलग गवसणीही नव्हे. तो अत्यंत पातळ आणि जागोजागी तुटक असा लेप असतो, आणि त्यातून पाण्याची वाफ ये-जा करते. केसात शेवटी किती पाणी राहील हे मुख्यतः आसपासच्या हवेतील आर्द्रतेवर ठरते. ‘पोषण’ आत जात नाही म्हणावे, तर मृत तंतूला पोषण कसले? शाम्पूतील जीवनसत्त्वे केसाला जेवू घालत नाहीत. लाकडाच्या टेबलाला पॉलिश लावल्याने ते पुन्हा झाड होत नाही, तसेच हे. काही पदार्थ केसात थोडेफार मुरतात, जसे खोबरेल तेल, ज्यातील लॉरिक आम्लाची साखळी आखूड व सरळ असल्याने ते आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. ज्याला तेलाचा हा लाभ हवा आहे त्याने ते धुण्याआधी लावावे. धुतल्यानंतर बसणारे सिलिकोन त्याच्या आड येत नाही.

आता साचण्याचा मुद्दा, ज्यात तथ्याचा अंश सर्वांत जास्त आहे. मळ काढून टाकणारा फेस आणि केसावर बसणारे तेलकट द्रव एकाच बाटलीत नांदवणे ही रसायनतज्ज्ञांपुढची जुनी अडचण होती, कारण जे तेल धुऊन काढायचे तेच तेल मागे ठेवायचे अशी ती परस्परविरोधी मागणी होती. १९८७ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने ‘पर्ट प्लस’ हा शाम्पू-कंडिशनर एकत्र असलेला शाम्पू आणला, तेव्हापासून सिलिकोनच्या आधाराने ही मागणी मोठ्या प्रमाणावर पुरी होऊ लागली. आजच्या अनेक शाम्पूंत ती युक्ती अशी असते: सिलिकोनचे सूक्ष्म थेंब शाम्पूत तरंगत ठेवलेले असतात आणि सोबत धनभारित पॉलिमर असतो. फेस करताना फारसे काही घडत नाही. केसांवर पाणी ओतून शाम्पू पातळ होऊ लागला की हा पॉलिमर व शाम्पूतील मळ काढणारे ऋणभारित घटक, म्हणजे स्वच्छक, यांचा चिकट गोळा पाण्यातून वेगळा होतो आणि सिलिकोनचे थेंब बरोबर घेऊन केसावर बसतो.

पुढच्या धुण्यात काय होते, हा खरा प्रश्न. साध्या पाण्याने डायमेथिकोन निघत नाही, हे खरे आहे. पण साध्या पाण्याने टाळूचे तेलही निघत नाही, आणि म्हणूनच तर शाम्पू वापरायचा. पुढच्या वेळचा शाम्पू आधीचा बराचसा लेप काढतो व नवा बसवतो, त्यामुळे काही धुण्यांनंतर येणे आणि जाणे यांचा तोल साधला जातो. थर कायम वाढतच राहतो असे घडत नाही. तसे असते तर वर्षानुवर्षे एकच शाम्पू वापरणाऱ्यांच्या केसांवर एव्हाना मेणबत्तीसारखी पुटे चढली असती. काढण्यासाठी सल्फेटच हवे, हेही खरे नाही. ओलेफिन सल्फोनेट, आयसेथिओनेट किंवा बीटेन वर्गातील स्वच्छकांनीही सिलिकोन निघते. एखाद्या सौम्य शाम्पूला कदाचित एकाऐवजी दोन वेळा लावावे लागेल, एवढाच काय तो फरक.

तरीही सर्व सिलिकोने एकाच मापाने मोजता येत नाहीत. पीईजी हा पाण्यात विरघळणारा घटक जोडलेली डायमेथिकोने पाण्याशी मिसळतात आणि सहज वाहून जातात. अमोडायमेथिकोनचे वागणे याच्या उलट असते: त्यावर धनभार असतो आणि केस जेथे झिजलेला असतो तेथे ऋणभार अधिक असतो, त्यामुळे ते नेमके खराब झालेल्या भागाला धरून बसते, आणि एकदा बसले की त्याच भारामुळे मागून येणाऱ्याला दूर लोटते. ब्लीच केलेल्या केसांसाठी हे वरदान आहे, पण ते चिवटही असते. म्हणून जे लोक शाम्पू पूर्णपणे सोडून केवळ कंडिशनरने केस धुतात, विशेषतः कुरळ्या केसांसाठी ही पद्धत पाळतात, त्यांनी पाण्यात न विरघळणारी सिलिकोने टाळावीत हा सल्ला योग्यच आहे. तेथे काढणारे कोणी नाही आणि घालणारे मात्र आहे. मूळ चूक झाली ती त्या एका पद्धतीपुरता असलेला नियम सर्वांच्या डोक्यावर थापल्यामुळे. बारीक, विरळ किंवा लवकर तेलकट होणारे केस सिलिकोनने चपटे आणि जड वाटतात हेही मान्य करायला हवे. अशा व्यक्तीने सिलिकोनरहित शाम्पू खुशाल निवडावा. मात्र त्या बाटलीवरही पॉलिक्वाटर्नियम किंवा ग्वारपासून केलेला धनभारित पॉलिमर लिहिलेला असण्याची दाट शक्यता आहे, आणि तेही केसावर बसतात व साचतात, हे ध्यानात असू द्यावे.

केसगळतीच्या आरोपात दोन वेगळ्या घटनांची गल्लत आहे. केस गळतो तो मुळापासून. केस तुटतो तो मध्येच कोठेतरी. कंगव्यात आलेल्या केसाच्या एका टोकाला बारीकशी पांढरी गाठ दिसली तर तो आपले आयुष्य संपवून गळलेला केस आहे, आणि असे ५० ते १०० केस दररोज जाणे सामान्य आहे. गाठ नसलेले आखूड तुकडे म्हणजे तुटलेले केस. गळण्याची कारणे कंदाशी निगडित असतात: आनुवंशिकता आणि संप्रेरके, लोहाची कमतरता, थायरॉइडचे विकार, किंवा दोन-तीन महिन्यांपूर्वी येऊन गेलेला मोठा ताप वा बाळंतपण. हे अंतर मोठे असल्याने माणूस खरे कारण विसरतो आणि नुकत्याच बदललेल्या शाम्पूवर आळ येतो. डायमेथिकोनचे रेणू इतके मोठे असतात की ते निरोगी त्वचेतून कंदापर्यंत पोचत नाहीत. तुटण्याच्या बाबतीत तर सिलिकोन उलट बाजूने साक्ष देते, कारण ओल्या केसांतील घर्षण कमी करणे आणि गुंता सोडवताना बसणारा ताण घटवणे हेच त्याचे मुख्य काम आहे.

बंदीची गोष्ट पूर्ण सांगितली तर तिचा रंग बदलतो. युरोपीय संघाने २०१८ मध्ये नियम केला आणि ३१ जानेवारी २०२० नंतर धुऊन टाकायच्या सौंदर्यप्रसाधनांत डी४ आणि डी५ या सिलिकोनच्याच कुळातील दोन चक्राकार सिलोक्सेनांचे प्रमाण ०.१ टक्के किंवा त्याहून अधिक असण्यास मनाई केली. ही छोटी, उडून जाणारी वर्तुळाकार संयुगे आहेत. डायमेथिकोनची लांब साखळी त्या नियमात नाही. कारण होते पर्यावरणाचे: ही द्रव्ये पाण्यात दीर्घकाळ टिकतात आणि जलचरांच्या शरीरात साठतात. २०२४ मध्ये हे निर्बंध डी६ लाही लावण्याचा नियम झाला आणि केसांवर तशीच ठेवायची उत्पादनेही त्यांच्या कक्षेत आली, ज्यासाठी २०२७ पर्यंतची मुदत आहे. डी४ विषयी प्रजननक्षमतेवर परिणाम होण्याची शंका अधिकृतपणे नोंदलेली आहे, ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. दुसरीकडे कॅनडातील तज्ज्ञ मंडळाने २०११ मध्ये डी५ पर्यावरणाला धोकादायक नसल्याचा निष्कर्ष काढला होता. म्हणजे तज्ज्ञांतही याबाबत एकवाक्यता नाही. ज्याला नदी-समुद्राची काळजी आहे त्याने घटकांच्या यादीत ‘सायक्लो’ने सुरू होणारी नावे टाळणे मला समजू शकते. परंतु ‘युरोपात बंदी आहे, म्हणून केसांना वाईट’ हे अनुमान त्या नियमातून निघत नाही. त्या नियमात केसांचा विचारच नाही.

राहिला महिनाभर सोडून पाहण्याचा प्रयोग. तो केल्यावर केस राठ, निस्तेज आणि गुंतलेले दिसतात आणि मग ‘इतके दिवस सिलिकॉनने केलेले नुकसान आता उघडे पडले’ असा अर्थ काढला जातो. नुकसान उघडे पडते हे खरे, पण ते ब्लीचने, इस्त्रीने, उन्हाने आणि कंगव्याने आधीच केलेले असते. सिलिकोन त्यावर पांघरूण घालत होते. पांघरूण काढल्यावर थंडी वाजली, तर थंडी पांघरुणाने आणली असे कोणी म्हणत नाही. काहींचे केस काही महिन्यांनी सुधारतात, पण त्याच काळात त्यांनी बहुधा खराब टोके कापलेली असतात, इस्त्री बंद केलेली असते आणि केस अधिक जपून विंचरायला सुरुवात केलेली असते, मग श्रेय कोणाला द्यायचे? खरोखर पडताळायचे असेल तर प्रसाधनांच्या चाचणीत वापरतात ती अर्ध्या डोक्याची पद्धत घरीही करता येते: मध्ये भांग पाडून एका बाजूला सिलिकोन असलेला आणि दुसऱ्या बाजूला नसलेला शाम्पू सहा ते आठ धुण्यांपर्यंत वापरावा, बाकी सगळे दोन्हीकडे सारखे ठेवावे, आणि प्रत्येक वेळी कंगव्यात अडकलेले तुकडे त्या त्या बाजूचे वेगळे मोजावेत.